पुणे ते हिमाचल, गाडीत तंबू आणि सोबत कुत्रा: जमेल, पण मे महिन्यात नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं नवरा-बायको, तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा. पुण्याहून स्वतःच्या गाडीने, वाटेत तंबू टाकत हिमाचल गाठायचंय. घरचे म्हणतात कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवून जा. तर जमेल का?

कुत्र्याला घेऊन जमेल. मे महिन्यात जमणार नाही. आणि पंधरा दिवसांत कसंबसं जमवलंत तरी तिकडे जाऊन दोन-तीन दिवससुद्धा धड मिळणार नाहीत. महिना आणि रजा या दोन गोष्टी बदलता येत असतील तर बिनधास्त निघा. आम्ही दोघं आमच्या कुत्रीला, बिट्टीला, घेऊन हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यापर्यंत गाडीने जाऊन आलोय. बिट्टी देशी आहे, सिंहगड रोडवरून घरी आणलेली. तुमच्या लॅबपेक्षा तिला ऊन कितीतरी जास्त सोसतं. तरीही मे महिन्यात तिला घेऊन मी त्या रस्त्याला लागणार नाही.

कारण सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं आणि लॅबच्या अंगावर दुहेरी केस. बाहेरची हवाच ४४-४५ अंशांची असेल तर धापा टाकूनही अंग निवत नाही. तुम्ही जो रस्ता धरणार तो राजस्थानातल्या चुरूवरून जातो. त्या चुरूत २८ मे २०२४ ला ५०.५ अंश तापमान नोंदलं गेलं. एसी आहे म्हणाल, पण कुत्र्याला दिवसातून चार-पाच वेळा तरी खाली उतरवावंच लागणार, आणि मे महिन्यातल्या डांबरावर पंजे भाजतात. उतरवण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघायची. सात सेकंद ठेववत नसेल तर त्यालाही तिथे चालवायचं नाही. ऑक्टोबरमध्येसुद्धा दुपारी मी हे करायचे.

बंद गाडीत त्याला एकटं सोडायचं नाही, काचा बोटभर उघड्या ठेवूनही नाही. बाहेर तिशीचं ऊन असलं तरी अर्ध्या तासात आतलं तापमान पंचेचाळिसाच्या पुढे जातं. म्हणजे जेवण, चहा, बाथरूम, सगळं पाळीपाळीने. एकजण ढाब्यात, एकजण सावलीत कुत्र्यापाशी. दोघांनी समोरासमोर बसून निवांत जेवायचं असेल तर ढाब्याच्या बाहेरच्या खाटा बघायच्या आणि मालकाला आधी विचारायचं. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

मग जायचं कधी? पाऊस सरल्यावर. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य हा मला सगळ्यात योग्य काळ वाटतो. जुलै-ऑगस्टात हिमाचलात दरडी कोसळतात. जुलै २०२३ च्या पुरात कुल्लू-मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. एक मात्र लक्षात ठेवा, दिवाळी याच दिवसांत येते. फटाक्यांना घाबरणारा कुत्रा तंबूच्या कापडाआड थरथरत बसतो, त्याला दुसरा आडोसा नसतो. त्यामुळे लक्ष्मीपूजनाची रात्र आणि तिच्या मागची-पुढची रात्र भक्कम भिंतींच्या खोलीत, शक्यतो गावाबाहेर, असं आधीच ठरवून ठेवा.

आता रजा. अंतर एका बाजूने साधारण दोन हजार किलोमीटर आहे. कुत्रा सोबत असताना दिवसाला तीनशे, फार तर साडेतीनशे. याहून जास्त नको. गाडीत तो झोपलाय असं आपल्याला वाटतं, पण प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला तो स्वतःला सावरत असतो. संध्याकाळी उतरल्यावर बिट्टी नेहमीसारखी वास घेत न हिंडता एका जागी नुसती उभी राहिली, की आम्ही समजायचो आज जास्त झालं. मग दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही. हा हिशेब धरला तर जायला सहा-सात दिवस, यायला तेवढेच. म्हणजे तीन आठवडे हवेत. ते शक्य नसेल तर हिमाचलचा हट्ट सोडा आणि महेश्वर, बुंदी करून परत या. तीही सुरेख सहल होते.

रस्त्याबद्दल माझं ठाम मत आहे: दिल्लीत शिरूच नका. पुणे-नाशिक-धुळे, आणि धुळ्याला राष्ट्रीय महामार्ग ५२ धरायचा. हाच रस्ता सेंधवा, इंदूर, देवास, झालावाड, कोटा, बुंदी, जयपूर, सीकर, चुरू, हिसार करत पंजाबात संगरूरला संपतो. तिथून पतियाळा, चंडीगड आणि वर. थंडीच्या तोंडाला दिल्लीची हवा बिघडली की जुन्या डिझेल गाड्यांवर तिथे निर्बंध येतात. शिवाय तासन् तास धुरात अडकून पडण्यापेक्षा चुरूचा मोकळा रस्ता कुत्र्याला केव्हाही बरा. पंजाब-हरियाणात त्या दिवसांत शेतात पेंढा जाळतात, तेवढ्या टप्प्यात काचा बंद आणि एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवायचा.

तंबू कुठे टाकायचा, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. आडरानात एकटं कुठेतरी, ही कल्पना डोक्यातून काढून टाका. पहिल्याच दिवशी तुम्ही नारायणगाव, जुन्नरच्या पट्ट्यातून जाणार. तिथल्या उसात बिबटे राहतात आणि कुत्रा ही त्यांची नेहमीची शिकार आहे. पुढे झालावाड ते कोटा या टप्प्यात दरा नावाच्या गावाजवळ रस्ता मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पाच्या डोंगरातून जातो. तिथे थांबायचंच नाही. अभयारण्यात कुत्रा न्यायला बंदी असते ती उगीच नसते. २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरची साथ येऊन वीसहून जास्त सिंह दगावले. हा कुत्र्यांमध्ये पसरणारा रोग आहे.

आणि लॅब म्हणजे पाणी दिसलं की उडी! कोट्याला चंबळ दिसेल, लांबूनच बघा. चंबळेत मगरी आहेत. खलघाटला नर्मदेवरही तेच करा, काठाला पट्टा हातातून सोडू नका. महेश्वरच्या घाटावर भल्या सकाळी, गर्दी नसताना पायरीवर उभं राहून पंजे भिजवू द्यायला हरकत नाही.

मग उरतं काय? माणसांचं अंगण. ढाब्यामागची मोकळी जागा, शेतावरचं घर, होमस्टेची बाग. आम्ही सूर्य मावळायच्या तासभर आधी थांबायचो. मी कुत्र्यापाशी गाडीत, नवरा उतरून मालकाशी बोलणार. सेंधव्याच्या अलीकडे, बिजासन घाट चढायच्या आधी एका ढाब्यावर मालकाने तंबूला जागा तर दिलीच, पण आधी विचारलं, "कुतिया है या कुत्ता?" मग आपल्या तिन्ही कुत्र्यांना हाका मारून एकेकाची ओळख करून दिली: हा चावरा, ही म्हातारी, हा नुसता भुंकतो. चावऱ्याला रात्रभर मागच्या गोठ्यात बांधून ठेवलं. एवढी माहिती कुठल्याही ॲपवर मिळणार नाही.

रस्त्यावरची कुत्री ही या सहलीतली खरी रोजची अडचण आहे, बिबट्या नव्हे. प्रत्येक ढाब्याची, पंपाची स्वतःची टोळी असते. तुमचा लॅब कितीही गोड असला तरी त्यांच्या हद्दीत तो परका. गाडीतून थेट टोळीसमोर उतरवायचं नाही. आधी त्यांना गाडीभोवती वास घेऊन जाऊ द्यायचं, मग विरुद्ध बाजूच्या दाराने त्याला उतरवून सरळ चालू पडायचं, थांबायचं नाही, पट्टा ताणायचा नाही. ताणलेल्या पट्ट्याने तुमची भीती त्याला कळते आणि त्याची समोरच्यांना. त्याचं खाणं उघड्यावर ठेवू नका, गाडीतच द्या. चावाचावी झालीच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, तुमची असो की त्याची, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लस आधी घेतलेली असली तरीही.

खाण्याचं सोपं आहे. घरी जे खातो तेच न्या, पूर्ण सहलीचं. ढाब्याची डाळ-भाजी द्यायची नाही, कारण तिच्यात कांदा-लसूण असतोच आणि कांदा कुत्र्याला विषारी आहे. कमी पडलं तर उकडलेली अंडी, दही, साधा भात कुठेही मिळतं. निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला घालू नका, घाटात ओकतो.

रात्री तंबूत शिरण्याआधी बॅटरी घेऊन गोचिडं शोधायची. नुसतं बघून दिसत नाहीत, बोटं फिरवावी लागतात: कानाच्या पाळीच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. तांदळाच्या दाण्याएवढं काही टणक लागलं की चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायचं. तेल, रॉकेल लावायचं नाही. बिट्टीला हा कार्यक्रम इतका आवडायला लागला की बॅटरी पेटली की ती आपणहून आडवी व्हायची. गोचीडताप प्रवासात झाला तर वेळेवर लक्षात येत नाही, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून गोचिडांवरची गोळी द्याच.

तंबू तीन किंवा चार माणसांचा घ्या. खाली ताडपत्री, आत घरची जुनी सतरंजी, नाहीतर नखांनी तळ फाटतो. कुत्रा झोपणार आत, तुमच्या दोघांच्या मध्ये. तीर्थनमध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे बघाल. बिबट्याने मान धरू नये म्हणून ते घालतात. तिथल्या दांडग्या कुत्र्यांना ज्याची गरज पडते तिथे आपला लॅब बाहेर बांधून कसा चालेल? थंडी वाजली म्हणून कुणी प्रेमाने अंगीठी दिली तर ती तंबूच्या बाहेरच ठेवा. बंद जागेत कोळशाचा धूर तिघांचाही जीव घेऊ शकतो.

तीर्थन मी मुद्दाम सुचवतेय. औटच्या बोगद्यापाशी मनालीचा रस्ता सोडून बंजारकडे वळलं की गर्दी एकदम विरते. उंची बेताची आहे, त्यामुळे कुत्र्याला विरळ हवेचा त्रास होत नाही. स्पिती किंवा लेह साडेतीन हजार मीटर आणि त्याच्याही वर, तिथे माणसासारखाच कुत्राही आजारी पडतो. पहिल्या मोठ्या सहलीला ते नको. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेता येत नाही, पण बाहेर नदीकाठी चालायला भरपूर वाटा आहेत. बिट्टी तिथल्या थंडगार पाण्यात फक्त जीभ लावून परत यायची आणि मग उन्हातल्या दगडावर तासन् तास पसरायची. पुण्यात इतकी शांत झोपलेली मी तिला पाहिली नव्हती, आणि ते बघायला मी तो सगळा रस्ता पुन्हा जाईन.

घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. पग, बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असता, किंवा वय झालेलं असतं, किंवा गाडी सुरू झाली की तो घाबरून लाळ गाळत असता, तर मीही बोर्डिंगच म्हटलं असतं. तुमचा लॅब तीन वर्षांचा आहे, निरोगी असेल तर घरी झुरत बसण्यापेक्षा तुमच्यासोबत असलेला बरा. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे न्या: रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोची लस, जंतांचं औषध, वजन. लसीकरणाचं पुस्तक आणि महापालिकेचा परवाना यांचे फोटो फोनमध्ये ठेवा, होमस्टेवाले मागतात. त्यांना आधीच मेसेजवर लिहून विचारा की कुत्रा खोलीत झोपला तर चालेल ना. नुसतं "पेट चालेल" यावर विसंबू नका, काहीजण अंगणात बांधायला सांगतात.

त्याआधी एक रात्र मुळशी किंवा पानशेतच्या बाजूला कुणाच्या तरी शेतावर, आडवारी, तंबू टाकून बघा. शनिवारी पवनेला गेलात तर स्पीकरच्या आवाजात काहीच कळणार नाही. तो रात्री झोपतो का, वारा सुटल्यावर कापड फडफडलं तर काय करतो, सकाळी पोट साफ होतं का, हे तिथे कळेल, आणि नाहीच जमलं तर तासा-दीड तासात घरी परतता येईल. महिना आणि रजा ठरली की इथेच लिहा, तुमच्या गाडीच्या हिशेबाने रोजचे टप्पे पाडून देते.