बाबू, पहिली होडी लहानच घे

तुझ्यासमोर दोन होड्या आहेत: २४ फुटी फायबर, आउटबोर्ड म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लावलेल्या इंजिनाची आणि ३६ फुटी लाकडी, दोन सिलिंडरच्या इंजिनाची. भाव जवळपास सारखा, म्हणून मोठीकडे मन ओढतंय. पण मोठीला खलाशी लागतात, मासळी मिळो न मिळो बर्फ-डिझेल भरावंच लागतं. शिवाय पावसाळ्याआधी ती वर ओढून शाकारायची, फळ्या बदलायच्या, रंग द्यायचा. लहान होडी तू नि तुझा भाऊ सांभाळाल.

मात्र फायबर म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. इंजिन बसवतात त्या मागच्या फळीत आत बहुधा लाकूड असतं, पाणी मुरून ते कुजतं. इंजिन खालून धरून हलव. फळी लवली, बाजूला तडे दिसले, तर सरळ सोड. तळावर बोटांनी ठोकत जा, कुठे बद्द आवाज आला तर तिथं थर सुटलेत.

लाकडी घेणारच असशील तर पाण्याच्या रेषेखाली पेचकस टोचून बघ. कीड लागलेल्या फळीत तो सहज शिरतो.

आणि नोंदणी, मासेमारी परवाना तुझ्या नावावर होणार याची खात्री झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस.