प्रश्न तुमचे: खोकं घ्यावं की पुस्तकं?

प्रश्न : चवथीला घरात सात भाचरं जमतात, वयं 12 ते 17. त्यांना डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांनी गोष्ट रंगवायचा खेळ, शिकवायचा आहे. खेळाची तीन जाड पुस्तकं घ्यावीत की स्टार्टर सेटचं खोकं? खोकं म्हणजे अर्धवट माल, असं एकाने बजावलं आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अर्धवट आहेच, आणि नवख्यांना त्याचाच फायदा. (खोकं पुठ्ठ्याचं, राजकारणातलं नव्हे.) त्या तीन पुस्तकांतलं प्रत्येक 300 पानांच्या वर जातं, सुरुवात कुठून करायची इथेच गाडं अडतं. उलट 2014च्या स्टार्टर सेटमध्ये 32 पानांची नियमपुस्तिका, 64 पानांचं साहस (म्हणजे खेळायची तयार गोष्ट), पाच तयार पात्रं आणि सहा फासे, बस्स. पात्र घडवायचे नियम त्यात नाहीत. सात मुलांची पात्रं घडवायला बसलात तर दुपार त्यातच जाईल. तयार कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचे कागद) वाटल्या की पंधरा-वीस मिनिटांत पहिला फासा पडतो. साहस पात्रांना पाचव्या लेव्हलपर्यंत, म्हणजे पाचव्या पायरीपर्यंत नेतं. 2022चा सेट घेतलात तर मजल तिसऱ्या लेव्हलपर्यंतच.

पात्रं पाच, मुलं सात. उरलेल्या दोघांना गॉब्लिन (शत्रूपक्षातले छोटे राक्षस) खेळायला द्या. खेळ चालवणाऱ्या मामाला हरवण्यापेक्षा भावंडांना हरवण्यात त्यांना जास्त रस असतो. पाचांहून अधिक पात्रं एका टेबलावर नकोत, पाळी येईपर्यंत मुलं मोबाईल काढतात.

आदल्या दिवशी साहसाचा फक्त पहिला भाग वाचा. शीट वापरण्याआधी प्रत्येकी दोन झेरॉक्स काढा, कारण खोडून खोडून कागद दुसऱ्याच दिवशी फाटतो. वीस बाजूंचा फासा सेटमध्ये एकच असतो. ॲडव्हान्टेज (नियमाने मिळणारी सवलत) मिळालं की तो दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. चालतं, पण खोळंबा होतो. असे आणखी दोन फासे सुटे घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा पहिल्याच झटापटीत होतो. 2014च्या साहसात वाटेत चार गॉब्लिन दबा धरून असतात. एकाचा वार लागला की सहा बाजूंचा फासा अधिक 2, म्हणजे सरासरी साडेपाच नुकसान. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) सात-आठच्या घरात, म्हणजे दोन वारांत तो आडवा. तीनच खेळाडू असतील तर गॉब्लिनही तीनच ठेवा, आणि सगळ्यांनी एकाच पात्रावर तुटून पडू नये.

मोठ्याने वाचायचे इंग्रजी उतारे जागेवर भाषांतरित करू नका, वाक्यं लंगडतात. आधी वाचून तीन वाक्यांत आपल्या मराठीत सांगा. ‘सेव्हिंग थ्रो’ (संकटातून वाचायला टाकायचा फासा) हा शब्द मात्र तसाच राहू दे.

प्रश्न : खेळणारे आम्ही दोघंच, नवरा-बायको. खोकं फुकट जाईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : स्टार्टर सेट जाईल, त्याच खेळाचं 2019चं इसेन्शियल्स किट नाही. त्यात एकच खेळाडू आणि एक डंजन मास्टर (गोष्ट सांगून खेळ चालवणारा) असं खेळायची सोय आहे. एकट्या पात्राला साइडकिक म्हणजे जोडीदार मिळतो. पात्र घडवायचे नियम आहेत, फासे अकरा आहेत. कधी एकट्यानेच बसायचं असेल तर कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाचा स्टार्टर सेट बघा, त्यात एकट्याने खेळायचं साहस आहे. तिथे 1 ते 100 मधला आकडा काढायचा असतो: दहा बाजूंचे दोन फासे, एक दशकाचा, एक एककाचा. 00 आणि 0 आले तर शून्य नव्हे, शंभर. या खेळात तो सर्वात वाईट आकडा.

प्रश्न : नातेवाइकाकडून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा 1983चा लाल बॉक्स मिळाला. फाशांवरचे आकडे दिसतच नाहीत आणि सोबत मेणाचा खडू आहे. शिवाय पावसाळ्यात झाकण फुगलं. काय करू?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : फासे खराब नाहीत. तेव्हा ते आकड्यांत रंग न भरताच येत. खडू आकड्यावर घासायचा आणि वरचं मेण कपड्याने पुसायचं, खाचेतलं राहतं. जुना खडू ठिसूळ झाला असेल तर कुठलाही मेणाचा खडू चालेल.

झाकणाची गोष्ट वेगळी. पुठ्ठा दमट हवेतलं पाणी शोषतो. सारखं फुगून-सुकून कोपऱ्यांचा चिकट कागद सुटतो. उन्हात ठेवू नका, झाकण वाकडं होतं आणि लाल रंग उडतो. पंख्याखाली दोन दिवस सुकवा, कोपरे आतून कागदी पट्टीने चिकटवा. प्लॅस्टिकची चिकटपट्टी नको, तिचा डिंक पिवळा पडतो. मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह आडवं ठेवा, वर वजन नको. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. ते स्वयंपाकाच्या कढईत तापवून परत वापरायचा मोह होतो, तो टाळा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा, मागे हवा खेळली पाहिजे.

खेळायला प्रत वापरा, मूळ पुस्तिका नको. हल्लीच्या सेटचा नकाशा असेल तर त्यावर सोंगट्या म्हणून एक रुपयाची नाणी ठेवा. इंचाच्या चौकोनात ती बसतात, दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं असल्याने रेषेबाहेर जातं. कॅरमच्या सोंगट्या त्याहून मोठ्या, त्या ड्रॅगनसाठी राखून ठेवा.