'सौम्य' गाठ, मग कापायची कशाला?

शिवाजी पेठेतल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "आत्यांच्या नाकातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आला. उजव्या बाजूला इन्व्हर्टेड पॅपिलोमा, बिनाइन. मी कोश बघून 'सौम्य अर्बुद' असं सांगितलं. त्यावर आत्या म्हणाल्या, 'सौम्य हाय म्हणतीस, मग कापायची कशाला?' बिनाइनला नेमका मराठी शब्द कोणता? आणि मॅलिग्नंटला?"

आत्यांचं काही चुकलेलं नाही. मराठी माणसानं 'सौम्य' ऐकलं की तो हेच विचारणार. सौम्य ताप, भूकंपाचा सौम्य धक्का, करोनातली सौम्य लक्षणं. हा शब्द आपण मापासाठी वापरतो. सौम्यच्या पुढं मध्यम, त्याच्या पुढं तीव्र. बिनाइन आणि मॅलिग्नंट या मात्र एकाच जिन्याच्या पायऱ्या नाहीत. त्या दोन जाती आहेत. बिनाइन गाठ असते त्याच जागी वाढते. मॅलिग्नंट शेजारच्या मांसात, हाडात शिरते आणि रक्तातून किंवा लसिका नावाच्या शरीरातल्या द्रवातून लांबवर बी टाकते. गाठ केवढी आहे, दुखते किती, यावर हे ठरत नाही. 'सौम्य'मुळं होणारा उलटा घोटाळाही मी दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलाय: "कॅन्सर हाय, पण सौम्य हाय म्हणं." त्या माणसाला कॅन्सर नव्हताच.

लॅटिनमध्ये या जोडीचा मूळ अर्थ 'चांगल्या जातकुळीचा' आणि 'वाईट जातकुळीचा' असा आहे. म्हणजे तिथंही माप नाही, स्वभाव आहे. हिंदीच्या परिभाषेत 'सुदम' आणि 'दुर्दम' केलंय. दम म्हणजे काबूत आणणं, म्हणून काबूत येणारी आणि न येणारी. अर्थानं चोख, पण मराठी कानाला 'दुर्दम' म्हटलं की दुर्दम्य आशावाद आठवतो, म्हणजे कौतुकच झालं की! मराठी वैद्यकीय लेखनात 'साधी' आणि 'मारक' अशीही जोडी आढळते. मला तीच पटते. गावात डॉक्टर "साधी गाठ आहे" म्हणतात तेव्हा ते कोशापेक्षा बरं मराठी बोलत असतात.

'अर्बुद' शब्द खोटा नाही, जुना आहे. सुश्रुतानं अर्बुदाचं वर्णन केलंय: गोल, स्थिर, कमी दुखणारं, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. नाकाचे त्यानं 31 रोग मोजले, त्यांत नासार्बुद वेगळं आणि नासार्श वेगळा. अर्श म्हणजे मूळव्याधीचा मोड, तोच शब्द नाकालाही! पण आज बोलण्यात अर्बुद कोण म्हणतं? हाच शब्द दहा कोटींनाही आहे आणि अबूच्या डोंगरालाही. 'गाठ' म्हणा. मराठीत तिचा दरारा पुरेसा आहे, "गाठ माझ्याशी आहे" ही धमकी उगीच देत नाहीत.

आपल्याकडं मात्र सुश्रुतानं केलेला भेद बोलण्यात पुसला गेलाय. "नाकात मांस वाढलंय" या एका वाक्यात सुजलेला पॉलिप, साधी गाठ आणि कॅन्सर, सगळंच बसतं. पॉलिप म्हणजे सुजून लोंबणारं अस्तर, बहुतेकदा दोन्ही नाकपुड्यांत. एकच नाकपुडी कायम चोंदलेली असेल, त्याच बाजूचा घोळणा पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर "मांस वाढलंय"वर थांबू नये, नाक-कान-घसावाल्यांना दाखवावं. 'सायनस'चीही तीच गत. "मला सायनस आहे" असं आपण आजारासारखं सांगतो, वास्तविक त्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: कपाळात, गालात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि त्याही मागं खोल. (त्रिकोणमितीतला साइन हाही तोच लॅटिन शब्द. संस्कृत 'जीवा', म्हणजे धनुष्याची दोरी, अरबीत गेली, तिथं वाचनात 'खळगा' झाली आणि बाराव्या शतकात लॅटिनात सायनस म्हणून उतरली.)

आता 'साधी'सुद्धा किती साधी, ते बघा. कपाळाच्या पोकळीतली हाडाची गाठ, ऑस्टिओमा, कित्येकदा दुसऱ्याच कारणानं काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सापडते आणि त्रास नसेल तर नुसती लक्षात ठेवतात. वयात येणाऱ्या मुलांच्या नाकामागं होणारी अँजिओफायब्रोमा हीही साधीच, पण रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली की तुकडा काढायला हात लावला तरी रक्ताची धार लागते. तिला सौम्य म्हणायचं धाडस मला होणार नाही. मारक गाठी त्यामानानं विरळा. त्यांतल्या पुष्कळ गालाच्या पोकळीत सुरू होतात, आणि गाल सुजेपर्यंत किंवा वरचे दात हलेपर्यंत पत्ता लागत नाही. डोळ्यांमधल्या पोकळीतल्या एका प्रकाराचं लाकडाच्या भुशाशी नातं सिद्ध झालंय. सुतारकामाच्या शेडमध्ये मास्क लावा म्हणतात ते त्यामुळंही.

आत्यांची गाठ या सगळ्यांच्या मधली. इन्व्हर्टेड म्हणजे उलटी: अस्तर बाहेर फुलण्याऐवजी आतल्या बाजूला वाढतं. कॅन्सर नाही, पण हाड झिजवते, मूळ राहिलं तर परत येते, आणि काही थोड्या जणांत पुढं मारक होते. उलट्या काळजाचीच म्हणायची. म्हणून ती मुळासकट काढतात आणि नंतरही काही वर्षं नाकात दुर्बीण घालून बघत राहतात.

तेव्हा ताई, कागदावर 'साधी (कर्करोगाची नसलेली) गाठ' असं लिहा. आत्यांना सांगताना मात्र कोश मिटून ठेवा. "आत्या, गाठ कॅन्सरची न्हाई. पण मुळासकट काढाय पायजे, न्हाईतर परत येतीया." एवढं म्हटलं की "मग कापायची कशाला" हा प्रश्न त्या विचारणार नाहीत. ॲडमिट कधी व्हायचं ते विचारतील.