‘बटालियनला लागायचंय’ म्हणजे नेमकं कुठे?

शिरोळ तालुक्यातून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा कोल्हापुरात बारावी सायन्सला आहे. एनसीसीतही आहे. त्याला ‘बटालियनला लागायचंय’. दीर म्हणतात, बटालियन टेंबलाईवाडीतच आहे, पोरगं घराजवळ राहील. अकॅडमीतले सर एसआरपीचं सांगतात आणि त्यालाही बटालियनच म्हणतात. शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणतात, मराठा रेजिमेंट सोडून दुसरीकडे बघूच नका. आईंचा प्रश्न असा, की ही सगळी भरती एकच आहे का, आणि अर्ज नेमका कुठे करायचा?

ताई, नमस्कार.

या सगळ्या भरत्या वेगळ्या आहेत. एनसीसीची बटालियन, टेंबलाईवाडीची बटालियन, एसआरपी आणि सुभेदारसाहेबांची मराठा पलटण, सगळीकडे शब्द तोच, पण सेवेच्या अटी वेगळ्या. एनसीसीत तर नोकरीच नसते, ते प्रशिक्षण आहे. हा फरक न कळल्यामुळे मुलं एकाच भरतीच्या आशेवर ऐन उमेदीचं वर्ष घालवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फौजेतली बटालियन बघू. पायदळात साधारण दहा जवानांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून आणि तीन प्लाटूनची कंपनी. अशा चार रायफल कंपन्या, सपोर्ट कंपनी आणि मुख्यालय मिळून बटालियन होते. सगळी मिळून आठशेच्या आसपास माणसं. कंपनीवर मेजर असतो, बटालियनवर कर्नल. या कर्नलना जवान ‘सीओ साहेब’, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, म्हणतात. गावातले माजी सैनिक ‘आमची पलटण’ म्हणतात ती हीच. त्यावर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि कमांड. ही उतरंड मुलाला पाठ हवी, अधिकारी व्हायचं असेल तर नक्कीच.

रेजिमेंट या शब्दाचा घोळ याहून मोठा आहे. पायदळात रेजिमेंट म्हणजे भावकी आणि बटालियन म्हणजे त्यातलं एकेक वेगळ्या चुलीचं घर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. जवान तिथे घडतो, कसम परेड होते आणि मग तो एका बटालियनला जातो. एक बटालियन काश्मीरात असेल, तर दुसरी ईशान्येकडे. सगळी रेजिमेंट कधी एका मोर्चावर एकत्र उभी नसते. तिची पहिली बटालियन, ‘जंगी पलटण’, 1768 मध्ये उभी राहिली. आपल्या कोल्हापूर संस्थानची फौजसुद्धा पुढे याच रेजिमेंटमध्ये आली. सुभेदारसाहेबांचा जीव तिथे अडकलाय तो उगाच नाही. (तोफखान्यात आणि रणगाडा दलात मात्र रेजिमेंट हीच बटालियनच्या तोलाची तुकडी असते.)

आता दिरांचं म्हणणं. टेंबलाईवाडीची 109 इन्फंट्री बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे, पण ती टेरिटोरियल आर्मीची (टीए), म्हणजे प्रादेशिक सेनेची. आपला नोकरीधंदा सांभाळून देशाच्या हाकेला येणाऱ्या नागरिकांसाठी हे दल 1949 मध्ये उभं केलं. वयाची अट 18 ते 42 असते ती त्यामुळेच. गणवेशाचा मान तोच आहे आणि जोखीमही खरी आहे. पण पूर्णवेळ कायम नोकरीची हमी इथे नाही. बोलावणं येईल तेवढा काळ सेवा. आणि मुख्यालय कोल्हापुरात आहे म्हणून जवान कोल्हापुरात राहील असं मुळीच नाही. टीएच्या बटालियन सीमाभागातही तैनात होतात. अठरा वर्षांच्या मुलाची पहिली आणि एकमेव योजना म्हणून मी टीए सुचवणार नाही.

‘घराजवळ’ हा विचारच फौजेच्या बाबतीत सोडून द्या, हे मी जड मनाने लिहितोय. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक मूळचे 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचे. 2015 मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं तेव्हा ते 41 राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी बटालियनचं नेतृत्व करत होते, आणि ही बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे. पलटण एक, नेमणूक दुसरीकडे, हे फौजेत नेहमीचं आहे. मुलाशी याबद्दल मोकळेपणाने बोला.

एसआरपी म्हणजे राज्य राखीव पोलीस बल. ही फौज नाही, राज्य सरकारचं पोलीस दल आहे. त्यातल्या तुकडीला ‘गट’ म्हणतात, प्रमुखाला समादेशक. कोल्हापूरचा गट क्रमांक 16. बारावीनंतर पोलीस भरतीतून जाता येतं, नोकरी कायम असते, बंदोबस्ताला मात्र राज्यभर फिरावं लागतं. तुम्हाला स्थैर्य महत्त्वाचं असेल तर हा मार्ग चांगला आहे, त्याला कमी लेखू नका.

जवान म्हणून नियमित फौजेत जायचं तर वाट अग्निवीरची. आपल्या जिल्ह्याची भरती कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येते. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, नंतर धावणं आणि वैद्यकीय. सेवा चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवानांना कायम केलं जातं. मराठाच मिळेल असंही धरून चालू नका, तो निर्णय फौजेचा.

पण तुमचा मुलगा बारावी सायन्सला आहे, ताई, आणि पत्रात एनडीएचं, म्हणजे बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, नावच नाही, याचं मला वाईट वाटलं. तिची प्रवेश परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागतं, म्हणजे त्याच्या हातात थोडेच प्रयत्न आहेत. त्याने पहिला अर्ज एनडीएचा भरावा. सोबत अग्निवीर आणि पोलीस भरतीची तयारी ठेवावी, धावण्याचा सराव तिन्हींकडे उपयोगी पडतो. एनसीसी सोडू नये. पदवीपर्यंत ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं, तर यूपीएससीची लेखी परीक्षा न देता एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येतं.

तोपर्यंत त्याची नजर, रंगांधळेपणा आणि कान डॉक्टरांकडून तपासून घ्या. ‘बटालियनमध्ये लावून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. जाहिरात हातात आली की बटालियन या शब्दाआधी कोणत्या दलाचं नाव आहे आणि सेवा किती काळाची आहे, ते आधी वाचा. कळलं नाही तर तिचा फोटो मला पाठवा, मी वाचून कळवतो.