आईचा चष्मा सुटला, पण कशाने?

प्रश्न : काका, माझी आई 68 वर्षांची आहे. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या मामेभावाने तिला डोळ्यांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा डबा दिला. रोज एक गोळी घेते. गणपतीत ती चष्म्याशिवाय पंचांग वाचायला लागली! आता वाडीतल्या बायका ‘माका पण थोडे दी’ म्हणून मागे लागल्या आहेत. माझं वय 44. सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागतो. मीही सुरू करू का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ताई, गोळ्यांचं नंतर बघू. आधी आईला पडवीत बसवा, एकेक डोळा झाकायला सांगा आणि समोरच्या माडावरचे नारळ मोजायला लावा. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच. नारळ मोजता आले नाहीत, नुसता हिरवा-पिवळा पुंजका दिसला, तर तिच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला इथे वेंगुर्ल्यात बसूनही जवळजवळ कळलं. कारण हे माझ्यावरच गुदरलंय.

मी डॉक्टर नव्हे. 1984 ते 2016 सरकारी रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. चष्म्याचे नंबर काढले, शिबिरांत मोतीबिंदू शोधले. अशा माणसाने तरी फसू नये ना? तीन वर्षांपूर्वी मेहुण्याने मला असाच डबा आणून दिला. ल्युटिन, झिंक, क आणि ई जीवनसत्त्व, सगळं त्यात. आणलंय तर घेऊ, म्हणून घेत गेलो. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी चष्मा न लावताच पेपर वाचत बसलोय असं लक्षात आलं. छोट्या जाहिरातीसुद्धा! बायको म्हणाली, ‘बघलास, गोळ्यांचो गुण इलो.’ मी काही बोललो नाही, पण मनातून खूश होतो. चारचौघांत सांगितलंही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुढे एकदा मठ गावाला जायला स्टँडवर गेलो आणि बिनधास्त म्हापणच्या गाडीत जाऊन बसलो. तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, ‘काका, बोर्ड वाचूक नाय?’ वाचला होता. लांबून मला सुरुवातीचा ‘म’ तेवढा दिसला, पुढचं मनानेच भरलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या सहकाऱ्याकडे जाऊन डोळे तपासले. लांबचा नंबर कधीच नव्हता, तो आता मायनस 2.50 निघाला. भिंगाच्या गाभ्यातला मोतीबिंदू. यात डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मधोमध घट्ट आणि पिवळट होतं, प्रकाश जास्त वळवायला लागतं, आणि माणूस लघुदृष्टीचा होत जातो. माझा वाचायचा चष्मा प्लस 2.50. डोळ्याने आपणहून तेवढाच मायनस नंबर आणला, म्हणजे जवळच्यापुरता हिशेब फिटला. जवळचं लख्ख दिसायला लागलं ते लांबचं गेलं म्हणून. गोळ्या नेमक्या तेव्हा चालू होत्या, एवढाच त्यांचा संबंध. नोकरीत असताना हीच गोष्ट मी कितीतरी आजीआजोबांना समजावून सांगितली होती.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाली तेव्हा गंमत कळली. नव्या डोळ्याने माझा सदरा पांढराशुभ्र, जरा निळसरच. तोच सदरा दुसऱ्या डोळ्याने हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा. इतकी वर्षं आपण पिवळ्या काचेतून बघत होतो याचा पत्ताच नव्हता.

आईला मधुमेह आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. रक्तातली साखर वाढली तरी भिंग फुगून जवळचं अचानक बरं दिसू शकतं. म्हणून साखरही तपासा.

आता गोळ्यांबद्दल. जीवनसत्त्वाने नजर परत आलेली मी पाहिली नाही असं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका वाडीतली चारेक वर्षांची पोर दाखवायला आणली होती. दिवसा माकडासारखी उड्या मारायची आणि दिवेलागणीला उंबरा चाचपायची. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके. अ जीवनसत्त्वाचा अभाव, दुसरं काही नाही. अंधारात बघायला डोळ्याच्या मागच्या पडद्यात जे रंगद्रव्य लागतं ते याच जीवनसत्त्वापासून बनतं. डोस दिला आणि आठवड्याच्या आत ती रात्री एकटी न्हाणीघरापर्यंत जायला लागली. आजही नवव्या महिन्याला एक लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट मुलांना पाजतात, ते यासाठीच. पण तिथे पोटातच जीवनसत्त्व नव्हतं. ज्याच्याकडे ते पुरेसं आहे त्याला आणखी देऊन चष्म्याचा नंबर उतरत नाही.

तुमच्या भावाने आणलेल्यासारख्या गोळ्यांमागे अमेरिकेतलं मोठं संशोधन आहे, त्याचे निष्कर्ष 2001 आणि 2013 मध्ये आले. ते वयोमानाने पडद्याच्या मध्यभागी होणाऱ्या झिजेबद्दल आहे. झीज मधल्या टप्प्यात असेल तर पाच वर्षांत ती शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतो. गेलेली नजर परत येत नाही, आणि मोतीबिंदूही थांबत नाही. म्हणजे पडदा तपासून डॉक्टरांनी सांगितलं तर घ्यायच्या. वाडीत वाटू तर मुळीच नका. काही जुन्या मिश्रणांत बीटा कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, असतं; विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसलाय. अ जीवनसत्त्वही जास्त झालं की लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठून बाधतं.

खायचंच असेल तर गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी करतो ना, ती वर्षातून एकदाच का? टाकळा आहे, अळू आहे. वर ओलं खोबरं घालतो तेही योग्यच, या भाज्यांतलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. मात्र शेवग्याने चष्मा सुटेल असं मी म्हटलेलं नाही, नाहीतर पुढच्या पत्रात तेच विचाराल!

तुमचा हात लांब जातो ती चाळिशी. प्लस 1.25 च्या आसपासचा चष्मा लागेल. नंबर काढाल तेव्हा डोळ्यांचा दाबही बघून घ्या.

आईला एक आताच सांगून ठेवा. मोतीबिंदूच निघाला आणि ऑपरेशन करून नेहमीचं भिंग बसवलं, तर लांबचं स्वच्छ दिसेल, पण पंचांगाला चष्मा परत लागेल. हे आधी बोलला नाहीत तर वाडीभर होईल की गोळ्यांनी आलेली नजर ऑपरेशनने घालवली. माझ्या बायकोचं तर अजून तेच मत आहे.

तपासणीला जाताना जुना चष्मा आणि गोळ्यांचा डबा बरोबर न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, काही तास धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. तेव्हा आईला एकटीला पाठवू नका, आणि डोक्यावर छत्री असू द्या.