अंथरुणावर पडून दोन-दोन तास झोप लागत नाही, गोळीशिवाय काही उपाय आहे का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "दिवसभर खुर्चीत बसतोस, झोप कुठून येणार? भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा." त्या म्हणीमुळेच लिहायला बसलो. माझा थोरला भाऊ मला वीस वर्षं हीच ऐकवतोय.

मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. १९ वर्षं शिफ्ट केली, दर आठवड्याला पाळी बदल. तीही उलटी, थर्ड म्हणजे रात्रपाळीनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्याला उशिरापर्यंत जागवता येतं, लवकर झोपवता येत नाही. म्हणून पाळी फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी पुढे सरकवा, एवढंच मागितलं होतं. "सगळ्यांना जमतं, तुलाच काय होतं?" असं उत्तर मिळालं. अर्जावर तीन सह्या जमल्या, त्यातली एक माझीच.

थर्ड करून घरी आलं की आठला भंगारवाला, नऊला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. एका सकाळी मोशीच्या सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि गाडीसकट आडवा झालो. गुडघा फुटला, बाकी काही नाही. दादा जुन्नरहून बघायला आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "दिवसाढवळ्या लोळल्यावर हेच होणार. अंग मोडून काम कर, दगडावर झोप लागेल." सासूबाई समोर बसलेल्या. गुडघा महिन्यात बरा झाला.

आता या दादाचं ऐका. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस रात्रीच येते. मग हा मध्यरात्री बॅटरी घेऊन उसात दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला जातो, बिबट्याच्या धास्तीने मोबाईलवर मोठ्याने भजनं लावून. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चार तास घोरतो, त्याला कोणी आळशी म्हणत नाही. आणि लाइट दिवसाची झाली तरी पुढचे चार-पाच दिवस रात्री दोनला टक्क जागा असतो, हे खुद्द वहिनीने सांगितलं. तेव्हा कुठे जातो धोंडा? ती म्हण ज्याला झोप आलीये त्याच्यासाठी आहे. मी आठ तास मशीनवर उभा राहून आलोय आणि छत बघत पडलोय.

तर तुमचा प्रश्न. जनरल शिफ्टला आल्यावरही माझं वर्षभर तेच. दहाला आडवा, साडेबारापर्यंत कूस बदलतोय. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, वहीत झोपेचे तास लिहायला लावले. सरासरी भरली साडेपाच तास. मग सांगितलं, बाराच्या आधी गादीला पाठ टेकायची नाही आणि साडेपाचला उठायचंच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दुपारची डुलकी बंद. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, घड्याळ बघायचं नाही. पहिले दहा दिवस भयंकर गेले, बायको वैतागली. तिसऱ्या आठवड्यात पडल्या पडल्या झोप लागायला लागली. मग दर आठवड्याला १५ मिनिटं अलीकडे घेत गेलो. आता अकरा ते साडेपाच.

चहा दुपारी तीननंतर सोडा. चार-पाच तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. जायफळ घातलेलं दूध प्या, चांगलं लागतं, मला त्याने झोप मात्र आली नाही. 'एक क्वार्टर मार' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्याने झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: घोरताना श्वास अडकत असेल, फिट येत असेल किंवा गाडी चालवायचा धंदा असेल, तर झोप कमी करण्याचा हा प्रकार स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टरला विचारा. झोपेची गोळी आधीपासून चालू असेल तर तीही एकदम तोडू नका.

आणि घरच्यांना म्हणावं, चार रात्री उसात दारं धरा आणि दुपारी झोपू नका, मग म्हण सांगा. दादाला हे मी अजून तोंडावर बोललेलो नाही. दिवाळीला गावी जातोय.