एम.फार्मला फार्माकॉलॉजी घेतलं तर खरंच नुसतं पाठांतर असतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.फार्मचं शेवटचं वर्ष चालू आहे, फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय आणि कसं करतं त्याचा अभ्यास) मनापासून आवडतं, पण सीनियर सांगतात की एम.फार्मला हा विषय घेतला तर दोन वर्षं औषधांची नावं घोकत बसावं लागेल, आणि तुमचं पाठांतर कच्चं आहे, तर पुण्यात फार्माकॉलॉजी घ्यावं की सरळ क्वालिटी अ‍ॅश्युरन्सला जावं.

घ्या फार्माकॉलॉजी. मी पुण्यातच एम.फार्म केलंय, आता प्रीक्लिनिकलमध्ये (माणसांना देण्याआधी औषध प्राण्यांवर तपासतात तिथे) काम करते आणि सुट्टीच्या दिवशी ज्युनियर पोरापोरींना कायनेटिक्स (शरीरात औषधाची लेव्हल कशी बदलते) आणि बायोस्टॅट (प्रयोगांचं संख्याशास्त्र) शिकवते, त्यामुळे या दोन वर्षांत कोण कुठे अडकतं ते जवळून बघितलंय. पाठांतरापायी कुणी अडकलेलं मला आठवत नाही. अडकतात ते आकड्यांपाशी. समोर ग्राफ आला की त्याचा अर्थ सांगता येत नाही, लॉग घ्यायचा म्हटलं की हात थांबतो, आणि डोस दुप्पट केला तर रक्तातली लेव्हल पण दुप्पटच होणार असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न हा की ग्राफ पेपर घेऊन तासभर बसायला आवडतं का. आवडत असेल तर हा विषय तुमचा आहे.

कोर्सचा सांगाडा थोडक्यात सांगते, पीसीआयचा (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचा) सिलॅबस सगळीकडे जवळपास तोच असतो. पहिल्या सेमला मॉडर्न अ‍ॅनालिटिकल टेक्निक्स (हा पेपर बहुतेक ब्रँचना कॉमन), अ‍ॅडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी, स्क्रीनिंग मेथड्स आणि सेल्युलर-मॉलिक्युलर फार्माकॉलॉजी. दुसऱ्या सेमला अ‍ॅडव्हान्स्ड आणि स्क्रीनिंगचे दुसरे भाग, ड्रग डिस्कव्हरी, क्लिनिकल रिसर्च आणि फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं). तिसऱ्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी आणि बायोस्टॅट, जर्नल क्लब, आणि मग थीसिस.

आता प्रॅक्टिकलचं. बी.फार्मला तुम्ही प्राण्यांवरचे प्रयोग कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये केले असतील, माऊस क्लिक केला की कर्व्ह येतो. इथे खरा टिश्यू हातात येतो. बऱ्याच ठिकाणी चिकनच्या दुकानातून कोंबडीचं आतडं आणतात, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, आतली घाण टायरोड सोल्युशनने (शरीरातल्यासारखे क्षार असलेलं द्रावण) हळू हाताने धुवायची, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा पण तोंड बंद होऊ द्यायचं नाही, एक टोक ऑर्गन बाथमधल्या (टिश्यू जिवंत ठेवायचं भांडं) हवेच्या नळीला आणि दुसरं आकुंचन नोंदवणाऱ्या तरफेला किंवा ट्रान्सड्यूसरला. ३७ अंश तापमान, हवेचे बुडबुडे सतत चालू, आणि मग अर्धा तास नुसतं थांबायचं, टिश्यू शांत होईपर्यंत. मधे मधे बाथमधलं सोल्युशन बदलायचं. ही घाई केली की पुढचा सगळा कर्व्ह वाकडा येतो.

मग अ‍ॅसिटिलकोलीन (आतडं आकुंचन पाववणारं रसायन), ०.१ मिली, ०.२, ०.४, ०.८ असं दुप्पट करत जायचं, प्रत्येक वेळी ठरलेला काँटॅक्ट टाइम, मग धुणं, मग बेसलाइनला आल्याशिवाय पुढचा डोस नाही. एका क्षणी डोस वाढवूनही आकुंचनाची उंची वाढत नाही, तो सीलिंग. आता बाथमध्ये अ‍ॅट्रोपीन (अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणारं औषध) ठेवून तेच सगळं परत करायचं. कर्व्ह उजवीकडे सरकतो, पण जास्त अ‍ॅसिटिलकोलीन घातलं की उंची तीच गाठतो. काँपिटिटिव्ह अँटॅगोनिझम (एकाच रिसेप्टरसाठी दोन औषधांची चढाओढ) ही व्याख्या तुम्ही बी.फार्मला चार मार्कांसाठी लिहिली असेल, ती इथे स्वतःच्या हाताने कागदावर उतरते. पुढे अ‍ॅट्रोपीनची दोन-तीन काँसन्ट्रेशन्स घेऊन डोस रेशो (तोच रिस्पॉन्स मिळवायला डोस किती पट लागला) काढायचे आणि शील्ड प्लॉट मांडायचा, १९५९ साली अरुणलक्षणा आणि शील्ड यांच्या पेपरातून आलेली पद्धत. स्लोप १ च्या जवळ आला तर पीए-टू (अडवणारं औषध किती जोरदार आहे तो आकडा) वाचायचा. मस्कॅरिनिक रिसेप्टरवर अ‍ॅट्रोपीनचा तो साधारण ९ येतो, म्हणजे बाथमध्ये १ नॅनोमोलर एवढंसं अ‍ॅट्रोपीन असलं तरी तोच रिस्पॉन्स मिळवायला अ‍ॅसिटिलकोलीन दुप्पट लागतं. व्हायव्हाला एक्स्टर्नल हमखास इथेच थांबतात आणि विचारतात की स्लोप १ नसता तर तुम्ही काय म्हणाला असता. याचं उत्तर घोकून येत नाही, ज्याने स्वतः प्लॉट काढलाय त्याला आपोआप सुचतं.

कायनेटिक्सचं एक उदाहरण सांगते, मी ज्युनियर्सना पहिल्या दिवशी हेच देते. फेनिटॉइन, फिट्सचं औषध, रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली (म्हणजेच मिग्रॅ प्रति लिटर) एवढी लेव्हल हवी. हे औषध मोडणारं एन्झाइम नेहमीच्या डोसलाच भरत आलेलं असतं. समजा एका पेशंटचा व्हीमॅक्स (एन्झाइम जास्तीत जास्त किती औषध मोडू शकतं) दिवसाला ५०० मिग्रॅ आणि केएम (एन्झाइमचा वेग निम्मा असतानाची लेव्हल) ४ मिग्रॅ प्रति लिटर. स्टेडी स्टेटचं सूत्र सोपं आहे, केएम गुणिले डोस, भागिले व्हीमॅक्स वजा डोस. ३०० मिग्रॅ दिले तर लेव्हल येते ६, कमी पडते. डॉक्टरांनी ४०० केले, लेव्हल १६, छान. फिट्स अजून पूर्ण थांबल्या नाहीत म्हणून कुणीतरी फक्त ५० वाढवले, ४५० केले, तर लेव्हल थेट ३६, पेशंटचे डोळे फिरायला लागतात, चालताना तोल जातो. रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर जे होतं तेच, बूथ तेवढेच, गाड्या थोड्याशाच वाढल्या, पण रांग मैलभर. हे गणित एकदा स्वतः सोडवलं की फेनिटॉइनचा डोस शेवटी शेवटी थोडाथोडाच का वाढवतात, लेव्हल का मोजतात, एन्झाइम अडवणारं दुसरं औषध सोबत दिलं की काय होणार, सगळं त्यातूनच निघतं. पुस्तकात या प्रत्येकाचा वेगळा मुद्दा करून दिलेला असतो आणि मुलं ते मुद्दे वेगवेगळे पाठ करतात, म्हणून त्यांना पाठांतर जड जातं.

पॅरासिटामॉलचं पण तसंच. साध्या डोसला बरंचसं औषध ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट होऊन जातं, थोडंसं सीवायपी-२ई१ या लिव्हरमधल्या एन्झाइममार्गे नॅपक्वी नावाचा विषारी पदार्थ बनतं आणि ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडतं. ओव्हरडोसला ग्लुटाथायोन संपतं आणि लिव्हर मरायला लागतं. एवढी एक साखळी कळली की रोज दारू पिणाऱ्याला जास्त धोका का, उपाशी माणसाला का, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा का देतात आणि ते पहिल्या आठ तासांत द्यायची एवढी धडपड का, हे सगळं त्याच साखळीवर बसतं. थोडं पाठांतर लागतंच, नाही म्हणत नाही, ऑटोनॉमिकचे रिसेप्टर आणि अँटिबायोटिकचे गट तोंडावर असलेच पाहिजेत. पण ते जीपॅटच्या (एम.फार्मच्या प्रवेश परीक्षेच्या) तयारीत होऊन जातं, आणि जीपॅट द्याच, क्वालिफाय होऊन एआयसीटीई मान्य कॉलेजला लागलात तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड आहे, पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याला तो फार मोठा आधार असतो.

स्क्रीनिंग मेथड्स हा पेपर मात्र हलक्यात घेऊ नका, पुढची नोकरी यावर उभी राहते. डायबिटीस मॉडेल घ्या. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन डायबिटीस करायचा, हे एका ओळीत लिहून होतं. प्रत्यक्षात ते गार सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला, ऐनवेळी विरघळवून लगेच टोचायचं असतं, टेबलावर राहिलं की निकामी होतं. आणि टोचल्यावर स्वादुपिंडातले बीटा सेल फुटून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर येतं, म्हणून पहिली रात्र शुगर वाढायच्या ऐवजी खाली जाते, पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज ठेवलं नाही तर सकाळी पिंजऱ्यात मेलेले उंदीर सापडतात. असा प्राणी फुकट जाणं मला आजही सहन होत नाही. एक जीव आपण वापरतोय तर त्यातून माहिती मिळालीच पाहिजे, ही जबाबदारी कोर्सवर्कमध्येच अंगात मुरली पाहिजे. तीच गोष्ट टॉक्सिसिटीची, ओईसीडी ४२३ या विषारीपणा तपासायच्या नियमावलीत एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात, जुन्या एलडी-५० ला (निम्मे प्राणी मारणारा डोस काढायची पद्धत) त्याच्या कितीतरी पट मारले जायचे. हा बदल का झाला ते समजून वाचा.

याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. प्राण्यांवर काम करायचं तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे आयएईसीची मंजुरी आधी लागते, आणि त्या मीटिंगा वर्षातून मोजक्याच होतात. तिसऱ्या सेमला थीसिस चालू करायची आणि तेव्हा प्रपोजल लिहायला बसायचं असं केलं की महिनेच्या महिने हात बांधून बसावं लागतं. दुसऱ्या सेममध्येच, सुट्ट्यांकडे न बघता, विषय ठरवा, ग्रुप किती, प्रत्येकात प्राणी किती आणि तेवढेच का, हे लिहून गाईडच्या टेबलावर ठेवा.

आणि "तेवढेच का" याचं उत्तर बायोस्टॅटमध्ये आहे, ज्याला सगळे तिसऱ्या सेमचा कंटाळवाणा पेपर समजतात. माझ्या मते पूर्ण कोर्समधला सगळ्यात उपयोगी पेपर हाच. सहा ग्रुप आहेत आणि कंट्रोलशी एकेकाची टी-टेस्ट लावत सुटलात, पाच तुलना झाल्या, प्रत्येकीत ०.०५ धरलं, तर औषधात काहीच दम नसतानासुद्धा कुठेतरी एक खोटा स्टार (फरक खरा असल्याची खूण) मिळायची शक्यता साधारण २३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून अ‍ॅनोव्हा (सगळे ग्रुप एकत्र तपासणारी टेस्ट) आणि त्यानंतर डनेट (प्रत्येक ग्रुपची कंट्रोलशी तुलना करणारी टेस्ट). तसंच एकाच उंदराची शुगर सहा वेळा मोजली तर एन (प्राण्यांची संख्या) सहा होत नाही, एकच राहतो. जर्नल क्लबला पेपर प्रेझेंट करताना आधी मेथड्स उघडा, एन कशाचा आहे बघा, रँडमायझेशन लिहिलंय का बघा, मग अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचा. ही सवय लागली की गाईडसुद्धा तुमच्याशी वेगळं बोलायला लागतात.

नोकरीचं विचारलं नाहीत पण घरचे विचारतीलच. पुण्यात फार्माकॉलॉजीवाल्यांना सगळ्यात जास्त जागा फार्माकोव्हिजिलन्समध्ये निघतात, केस प्रोसेसिंग, नॅरेटिव्ह लिहिणं वगैरे. त्या कामाला नाक मुरडू नका, एखादी रिअ‍ॅक्शन औषधामुळेच झाली का हे ठरवायला लागणारी बुद्धी तीच आहे, औषध बंद केल्यावर त्रास थांबला का, परत दिल्यावर परत आला का. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये बाजारातून गेलं, भारतात लहान मुलांना निमेसुलाइड देणं २०११ मध्ये बंद झालं, ते औषध बाजारात आल्यावरही त्याच्या त्रासांवर नजर ठेवल्यामुळेच. पण तुम्हाला लॅबच हवी असेल तर प्रीक्लिनिकलच्या जागा कमी आहेत हे माहीत असू द्या, आणि तिथे इंटरव्ह्यूला मार्कलिस्टपेक्षा हातचं काम विचारतात, रक्त कुठून काढता, गव्हाज (नळीने पोटात औषध देणं) कसा करता, एका किलोला एवढा डोस तर २२० ग्रॅमच्या उंदराला किती मिली.

पुण्याचा फायदा घेता आला तर फार आहे. पाषाणला एनसीएल आणि आयसर, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, या संशोधन संस्थांमध्ये बाहेरच्यांना बसता येतील अशी लेक्चरं होत असतात, जाऊन मागे बसा, अर्धं कळलं नाही तरी चालेल. ड्रग डिस्कव्हरी शिकताना हेही लक्षात असू द्या की हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध इथेच पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलं गेलं, ते ज्या जंतूपासून मिळतं त्याच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

कॉलेज ठरवताना वेबसाइटवरचे फोटो बघू नका. तिथे शिकणाऱ्या एखाद्या सेकंड इयरवाल्याला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: अ‍ॅनिमल हाऊसचं सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती) रजिस्ट्रेशन चालू आहे का, मागच्या वर्षी आयएईसीची मीटिंग कोणत्या महिन्यांत झाली, आणि ऑर्गन बाथवर प्रत्येकाला स्वतः हात लावायला मिळतो की एक जण करतो आणि बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. तिसऱ्याचं उत्तर "उतरवून घेतो" असं आलं तर ते कॉलेज प्रेफरन्स लिस्टमध्ये खाली टाका. तोपर्यंत सुट्टीत सेमीलॉग पेपर आणा, वरचं फेनिटॉइनचं गणित केएम ४ च्या ऐवजी ६ धरून करून बघा, आणि ३००, ४००, ४५० ला काय येतं ते खाली कॉमेंटमध्ये टाका, मी तपासून देते.